माझे न झालेले आजार

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, ड्रायव्हिंग स्कूलची. तशी साधीच, पांढरी, चार दारांची. पण माझ्यात एक गंमत आहे, मला ब्रेक दोन आहेत! एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. डोक्यावर 'शिकाऊ' अशी पाटी. ती बघितली की रस्त्यावरचे भलेभले टरकतात आणि चार हात लांबून जातात.

शेजारच्या सीटवर बसतात आमच्या मॅडम. काय बाई आहे म्हणून सांगू! एकदा शिकायला आलेल्या एका पोस्टमननं मला थेट बेकरीच्या पायरीवर चढवलं. लोक ओरडायला लागले, पोस्टमनला दरदरून घाम. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "थांबलात ना? मग जमलं. आता रिव्हर्स टाका." बेकरीवाला तावातावानं बाहेर आला, तर त्याला म्हणाल्या, "दादा, तुमची पायरी शाबूत आहे, बंपर माझा गेलाय. ओरडायचं तर मी ओरडायला हवं ना?" तो हसला, मॅडम हसल्या. मीही हसले असते, पण बंपर लोंबत होता.

मॅडमचा नवरा म्हणजे आमचे सर. दोघांनी मिळून मला घेतलं, मिळून शाळा काढली. सकाळची बॅच सरांची, दुपारनंतरची मॅडमची. रविवारी दोघं मला धुवायचे. पाणी कमी, गप्पा जास्त, आणि मी निम्मी साबणातच.

मग सरांकडे एक बाई शिकायला आल्या, सकाळी सातला. तीन महिने झाले, सहा झाले, त्यांचा क्लास काही संपेना. मॅडमनी विचारलं की सर म्हणायचे, "रिव्हर्स कच्चा आहे गं त्यांचा." मित्रांनो, रिव्हर्स चांगला खणखणीत होता त्यांचा, मला माहीत नाही का? पण मी पडले गाडी. बोलणार काय आणि कोणापाशी?

एके दिवशी सिग्नलला त्याच बाई माझ्या शेजारी येऊन थांबल्या. स्वतःची गाडी, आत एकट्या. मॅडमनी काच खाली केली आणि इतक्या कौतुकानं विचारलं, "अरे वा! लायसन्स कधी मिळालं?"

"झाले की चार महिने," बाई बोलून गेल्या, आणि त्यांचा चेहरा खाडकन उतरला.

सिग्नल सुटला. मॅडम आपल्या विद्यार्थिनीला म्हणाल्या, "पहिला गिअर. हळू." आवाजात काडीचा फरक नाही! अर्धा तास शिल्लक होता, तो पूर्ण शिकवला. मुलगी उतरून गेली, मग मॅडमनी डॅशबोर्डवर डोकं टेकलं.

सरांनी सगळं कबूल केलं आणि सामान घेऊन त्या बाईंकडे राहायला गेले. मॅडमनी दोन्ही बॅचेस घेतल्या, एक क्लास बुडवला नाही. पण संसार काही सुटेना त्यांच्या हातून. सरांनी घटस्फोटाचे कागद पाठवले, ते माझ्या पुढच्या कप्प्यात पडून. रोज कप्पा उघडायच्या, बघायच्या, बंद करायच्या. सही नाही.

आणि एक नवीनच सुरू झालं. आठवड्यातून एकदा सरांना फोन. "अरे, क्लच घसरतोय, येऊन बघतोस?" माझा क्लच? ठणठणीत! पुढच्या आठवड्यात इंजिन तापतंय, मग स्टिअरिंग ओढतंय. इतके न झालेले आजार कुठल्या गाडीला झाले नसतील! सर यायचे, बॉनेट उघडायचे, "काही नाही झालेलं," म्हणायचे, पेलाभर पाणी प्यायचे आणि जायचे. मॅडम तो पेला लगेच धुवायच्या नाहीत. मला राग येत नव्हता, मित्रांनो. म्हटलं, या बाईसाठी खोटं आजारी पडायला काय जातं आपलं?

असे आठ महिने गेले. त्या महिन्यांत एक विचित्र गोष्ट घडत होती. जो शिकायला बसेल तो चढावर मला बंद पाडायचा. मॅडम म्हणायच्या, "क्लच हळू सोडा हो!"

मग आल्या सिस्टर. हॉस्पिटलात चाळीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्स, पासष्टीला गाडी शिकत होत्या. पुलाच्या चढावर मी तीनदा बंद पडले. चौथ्यांदा सिस्टरनी गिअर काढला, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, "मॅडम, हँडब्रेक सुटलेला आहे, माझा पाय ब्रेकवर नाही. मग गाडी धरलीय कोणी?"

मॅडमनी खाली बघितलं. त्यांचाच पाय! दुसऱ्या ब्रेकवर, गच्च. त्यांना पत्ताच नव्हता. आठ महिने बिचाऱ्या लोकांना बोलणी, आणि ब्रेक यांचाच! आधी हसल्या, मग हसता हसता रडायलाच लागल्या, आणि फोनबिन सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात काही पेशंट दुखत नसलं तरी बेल दाबायचे. एकटं वाटायचं त्यांना. मी जायची. पण विचारायची, खरं काय हवंय ते सांगा."

पूल उतरून आम्ही ऑफिसपाशी आलो, तर सर उभे! सकाळीच फोन झाला होता ना, गिअर अडकतोय म्हणून. "काय झालंय आज?" त्यांनी विचारलं.

"गाडीला काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "कधीच झालेलं नव्हतं. मला तू यायला हवा होतास, म्हणून बोलवत होते."

सर बुटांकडे बघत राहिले. "अगं, मग तसं सांगायचंस. मी आलो असतो अधूनमधून."

"अधूनमधून," मॅडम म्हणाल्या. फक्त एवढंच. मग कागद काढले, माझ्या बॉनेटवर ठेवले आणि सही केली. सही कशी, वळणदार! चार जागी! सर कागद घेऊन गेले, आणि मॅडम कोपऱ्यापर्यंत त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. खोटं कशाला सांगू?

"माझी दहा मिनिटं बाकी आहेत हं," सिस्टर आतून म्हणाल्या.

"देते की!" मॅडम डोळे पुसत बसल्या. पाय दोन्ही मागे, सीटखाली. आणि पुलाचा चढ मी एका दमात चढले, मित्रांनो!

अजूनही कधीतरी त्या फोन हातात घेतात. थोडा वेळ धरतात, ठेवून देतात. एका सहीनं सगळं सुटतं थोडंच? पण मी हजारभर चालक पाहिले, असा जिगरबाज एकही नाही.

म्हणून हात जोडून सांगते, तुमच्या ओळखीत कोणी असं अडकलं असेल तर 'सोड की आता' म्हणून मागून हॉर्न मारू नका. चढावर बंद पडलेल्या माणसाला त्यानं आणखीच घाम फुटतो. दार उघडा, शेजारच्या सीटवर बसा, आणि त्याचं त्याला निघू द्या.