कंबीची जुनी वाट

माझ्या दाजींनी, मडिवाळप्पांनी, ती साडी लेकीसाठी मागावर चढवली होती. दानम्मा पहिलटकरीण. ओटीभरणाला बापाच्या हातची इरकलच नेसणार, असं तिनं सासरहून कळवलं होतं. साडी अर्धी विणून झाली आणि तिकडे रायचूरला दानम्मा गेली, पोटातलं बाळही गेलं. बरेच दिवस दाजी मागाच्या खड्ड्यात नुसते पाय सोडून बसत. मग एका सकाळी त्यांनी धोटा उचलला आणि पदरापर्यंत साडी पुरी केली. घडी घालताना माझी आक्का, नीलगंगव्वा, म्हणाली, "ही आता श्रीशैलाच्या भ्रमरांबेला. तीबी आपलीच लेक, परमुलखात दिलेली."

उगादीला, म्हणजे पाडव्याला, आमच्याकडची माणसं तिच्याकडे चालत जातात ती माहेरची म्हणूनच. साडी, खण, कुंकू घेऊन जातात. हल्ली सगळी गर्दी आत्मकूरवरून जंगलात शिरते. त्या वाटेवर मांडव असतात, ताक असतं, पायाला तेल चोळणारी माणसंसुद्धा असतात. पण आमच्या गावची कंबी, म्हणजे देवाची घुंगरू बांधलेली कावड, पूर्वी उत्तरेकडच्या एका आडवाटेनं जायची. दाजींचे वडील सांगायचे, माहेरची माणसं निघाली की भ्रमरांबा त्याच वाटेवर येऊन उभी राहते. दाजींनी ठरवलं, जायचं तर तिकडूनच.

गावच्या जथ्याचे पुढारी शेखरगौडा कट्ट्यावर म्हणाले, "मडिवाळप्पा, देव दोन्हीकडनं तेवढाच लांब हाय. पाणी मात्र एकीकडंच हाय."

"माझा बाप गेला की त्या वाटेनं."

"तुझ्या बापाच्या वक्ताला तिकडं माणसं राहत होती."

दाजी कट्ट्यावरून उठले. घरी येऊन माळ्यावरची जुनी कंबी काढली, तिचे घुंगरू चिंचेनं घासले. आक्का जाणार म्हटल्यावर मीही निघालो. तिचा धाकटा भाऊ मी, सोमलिंग. माझ्यामागे बायकापोरं नव्हती.

आमच्या मुलखात काही वाटलं नाही. कंबी दिसली की बाया तांब्याभर पाणी घेऊन दारात येत, दाजींच्या पायावर ओतत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर आम्ही मजेत चाललो. तेलुगू मुलूख लागला तशी माणसं आमच्याकडे बघून पुन्हा कामाला लागायला लागली. वाट जागोजागी नांगरून टाकलेली. एका ठिकाणी ती दगडाच्या खाणीत उतरत होती आणि पलीकडे वर येतच नव्हती. तिला वळसा घालताना आक्काच्या टाचेला दगडाची कपची लागली. तिनं चिंधी बांधली आणि म्हणाली, "चला."

दाजींची सगळी भिस्त डोंगराच्या पायथ्याच्या एका गावावर होती. तिथल्या एका वाड्यात कंबीवाल्यांना जेवण असायचं आणि पुढं जंगलात जायला वाटाड्या मिळायचा. आम्ही भरदुपारी पोचलो. वाड्याच्या जागी मिरच्यांचं गोदाम होतं. सावलीत एक म्हातारी देठं खुडत बसली होती. तिला कन्नड येत होतं.

"कंबी?" ती हसली. "मी सून म्हणून आले तेव्हा शेवटची बघितली. तुम्हाला कुणी सांगितलं हिकडनं यायला?"

"वडलांनी," दाजी म्हणाले.

"ते कुठायत?"

"गेले."

"बरं झालं. नाहीतर आता शिव्या खाल्ल्या असत्या त्यांनी."

तिनं आम्हाला भात आणि आंबट सार वाढलं, आमच्या बाटल्या भरून दिल्या. मग गंभीर होऊन आक्काला म्हणाली, "बाई, वरचं कोनेरू, ते पायऱ्यांचं तळं, आटलंय. रस्त्यानं परत जा, बस धर. देवी काय पाय बघत नाही."

मलाही तेच वाटत होतं. मी तसं बोललो. दाजींनी माझ्याकडे न बघता कंबी खांद्यावर घेतली. आक्का त्यांच्या मागून निघाली, मग मला थांबून चालणार नव्हतं.

चढ लागला. झाडं होती, पण पानगळीची, सावली कुठेच नव्हती. घाणेरीच्या जाळ्यांत वाट हरवायची आणि दाजी कंबीनं जाळी बाजूला सारत पुढं घुसायचे. कोनेरूपर्यंत पोचलो तेव्हा बाटल्या रिकाम्या होत्या. दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या आणि तळाशी भेगाळलेली माती होती. दाजी शेवटच्या पायरीवर बसून मातीला हात लावून बघत राहिले. उठले ते तोल जाऊन तिथंच पडले.

अंग तापलेलं, घामाचा मात्र टिपूस नाही. ते काहीबाही बोलायला लागले. दानम्माला म्हणत होते, दार उघड, आम्ही आलोय.

मी पाणी शोधायला धावलो. ओढ्याच्या वळणावर, खडकाखाली रानडुकरांनी उकरलेलं एक डबकं होतं. हिरवट, घाण पाणी, पिण्यासारखं नाहीच. दाजींना पाठीवर घेऊन मी तिथं आणलं. त्यांचं धोतर, माझा टॉवेल भिजवून अंगावर टाकले, ते बघता बघता सुकले. आक्कानं गाठोडं सोडलं. ती काय करतेय हे कळेपर्यंत साडी चिखलात बुडाली होती. तिनं ती पिळली नाही, तशीच दाजींना डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळली. सुकली की पुन्हा बुडवायची.

ऊन कलल्यावर दाजींनी डोळे उघडले. अंगावरचा लाल पदर ओळखायला त्यांना वेळ लागला.

"हे काय केलंस?" ते म्हणाले. "मला जाऊ द्यायचं होतंस."

"लेक दिली. आणखी किती देऊ?"

"ती वाटेत उभी असंल, नीला."

"कुणी उभं नव्हतं. मी सगळ्या वाटेनं बघत आले."

मध काढायला आलेल्या दोघा चेंचू आदिवासींनी आमच्या हाका ऐकल्या. त्यांनी दाजींना झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत नेलं. झोळीला माझाही हात होता, आक्काकडे गाठोडी; कंबी घ्यायला कुणाचे हात रिकामे नव्हते. ती मी एका झाडाला टेकवून ठेवली.

तालुक्याच्या दवाखान्यात दाजी पडून होते, तेव्हाच उगादी झाली. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना मार बसलाय. सुट्टी मिळाली त्या दिवशी मी आक्काला म्हटलं, श्रीशैलाची बस समोरच लागते, दर्शन तरी घेऊन येऊ.

"रित्या हातानं?"

"दुकानातनं एक साडी घेऊ."

तिनं गाठोडं काखेत मारलं. मग म्हणाली, "घरी जायला रायचूरची बस कुठं लागते, ते बघ."

घरी आल्यावर आक्कानं साडी रिठ्यात भिजवली, लिंबू लावलं, उन्हात टाकली. चिखलाचे डाग गेले नाहीत. नेसलेली नव्हती, तरी अंगावर घातलेलं वस्त्र. देवीला चालणार नव्हतं. शेखरगौडा प्रसाद घेऊन आले होते. टोमणा मारायच्या तयारीनं आले असावेत, पण दाजींचे सुजलेले पाय बघून खोबऱ्याचा तुकडा कट्ट्यावर ठेवून निघून गेले.

दाजींना पुन्हा मागावर बसता आलं नाही. पाय खड्ड्यात सोडले की सूज वर चढायची. पावसाळ्यात माग उतरवला, तेव्हा खड्ड्यात कोंबड्या पडू नयेत म्हणून मी तो मातीनं भरला. दाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. आक्का दारात तांदूळ निवडत होती. माती कमी पडली, तर तिनं परसातली दाखवली.