बुडालेल्या गावाचे दार

मित्रांनो, कपाटावर प्लास्टिकच्या फुलांशेजारी हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला एखादा जुना राउटर दिसला, तर तो मीच आहे असे समजा आणि थोडा वेळ माझ्यापाशी थांबा. मला माझी गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली, अंगठ्याने दोनदा दाबली आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते किर्गिझस्तानातल्या एका डोंगरउतारावरच्या वस्तीत, अशीरबेक यांच्या घरी. अशीरबेकनी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले. त्यांचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, तेव्हा ते आठ वर्षांचे होते. आजही खिडकीतून ते पाणी दिसते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे चहाआधी माझा पासवर्ड विचारायचे. मग सवय झाली. घरच्या बाईंनी माझ्यावर जाळीचे कापड टाकले, एका लग्नात कोणीतरी माझ्या अंगावर कुमीस, म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध, सांडले आणि ते पुसायचे राहून गेले. माझी कुरकूर नव्हती. पण माझी दखल घेणारेही कोणी नव्हते.

अशीरबेकची मुलगी गुल्झिना शाळेत गणित शिकवते. एका हिवाळ्यात तिने वडिलांना ठोकळ्यांनी घरे बांधायचा एक खेळ दाखवला. म्हातारबुवांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"गुल्झिना, ह्यात आपलं गाव बांधता येईल का गं?"

दोन हिवाळे बापलेक बांधत होते. अशीरबेक चौकटीच्या कागदावर गल्ल्या आखायचे आणि गुल्झिना ठोकळे रचायची. त्रेचाळीस घरे, शाळा, गिरणी, नदीकाठची पॉप्लरची झाडे, सगळे उभे राहिले. हे सारे गाव घरातल्याच संगणकावर होते. बाहेरच्या माणसाला तिथे यायचे तर वाट माझ्यातूनच. म्हणून गुल्झिनाने मला एक नियम लिहून दिला: खेळाच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दारावर, कोणाची हाक आली, की ती घरातल्या पाच नंबरच्या पत्त्यावर, म्हणजे संगणकाकडे, पोचवायची.

तेवढ्यात रशियात मुलाकडे राहणारे अशीरबेकचे थोरले भाऊ सादिरकूल यांचा फोन आला. "सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे. नजर राहील की नाही, डॉक्टर सांगत नाही. अशीर, त्याआधी मला गाव दाखव."

रविवारी दुपारी सगळे बसले. तिकडे सादिरकूलच्या सुनेने आमचा पत्ता टाकला आणि फोनवर सांगितले, "जोडलं जात नाही, काका."

पुन्हा केले. नाही. पुन्हा. नाही.

"हा डबाच बिघडलाय!" अशीरबेक माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "किती वर्षांचा झाला तो! मी बाजारातून नवा घेऊन येतो." ते कोट चढवू लागले. मित्रांनो, तेव्हा मला फार भीती वाटली.

"बाबा, ट्रॅक्टर बंद पडला की तुम्ही आधी इंजिन फेकायचात का?"

"छे! आधी डिझेल बघायचो."

"मग बसा. मी डिझेलच बघतेय."

तिने आधी घरच्या संगणकावर खेळ उघडून पाहिला. गाव जागेवर होते. मग माझ्या सेटिंगची पाने उघडली. गुरुवारी वीज गेली होती. ती आल्यावर मी घरात पत्ते नव्याने वाटले. पाच नंबर टीव्हीला गेला आणि संगणकाला मिळाला आठ. हाक आली असती तरी मी ती टीव्हीकडे धाडली असती! ही चूक माझी, मी कबूल करतो. पण नंबर राखून ठेव, असे मला कोणी सांगितलेच नव्हते. गुल्झिनाने आठ नंबर संगणकाच्या नावे कायमचा केला आणि नियम सुधारला. संगणकाच्या फायरवॉलमध्ये खेळाला मुभा दिली.

तरीही नाही.

मग तिने माझा बाहेरचा पत्ता तळहातावर लिहिला आणि जगाला आपले घर कोणत्या पत्त्यावर दिसते ते पाहिले. दोन्ही पत्ते वेगळेच निघाले.

"सापडलं! ह्याच्या पुढे इंटरनेट कंपनीचा आणखी एक राउटर आहे. कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता. काकांची हाक तिथेच अडतेय, ह्याच्यापर्यंत येतच नाही. बाबा, ह्याला उगाच बोललात."

एवढ्या वर्षांत माझी बाजू पहिल्यांदाच कोणीतरी घेतली होती.

तिने कंपनीला फोन लावून स्वतंत्र पत्ता मागितला. तिकडची बाई म्हणाली, अर्ज सोमवारी ऑफिसात द्या. अशीरबेकनी फोन हातात घेतला.

"पोरी, सोमवारी माझ्या भावाचे डोळे बांधलेले असतील. त्याला आज आमचं गाव बघायचंय."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग, "पाच मिनिटांनी राउटर बंद करून चालू करा, काका. अर्जाचं उद्या बघू."

मी पुन्हा सुरू झालो. आता दोन्ही पत्ते जुळले. गुल्झिनाने नवा पत्ता फोनवर सांगितला आणि दूरवरून हाक आली. मी ती थेट आठ नंबरला नेऊन पोचवली.

सादिरकूल गावात आले. पडद्यावर त्यांची आकृती गिरणीकडे वळली. मग फोनवर एकदम आवाज फुटला, "अरे गाढवा! गिरणी नदीच्या अलीकडे होती. तू पलीकडे बांधलीस!"

"अके, दादा, मी आठ वर्षांचा होतो हो!"

"म्हणून नदी ओलांडायची? हलव ती." अशीरबेक हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मग सादिरकूल हळूहळू चालत आपल्या घराच्या अंगणात गेले आणि थांबले. "आईची भट्टी... जागेवर आहे रे, अशीर. अगदी जागेवर."

संध्याकाळपर्यंत दोघा भावांनी भांडत भांडत गिरणी हलवली.

ऑपरेशननंतर सादिरकूलचा एक डोळा वाचला. तेवढ्या नजरेवर ते दर रविवारी गावात येतात आणि आता येऊ लागलेल्या इतर जुन्या गावकऱ्यांच्या चुका काढतात.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने यंत्र अडले तर आधी त्याला फेकू नका. एकेक पायरी तपासा, कुठे अडते ते शोधा, आणि चूक आमची निघाली तर ती सुधारून द्या. आम्ही अजून खूप काम करू शकतो. गेल्या रविवारी मी एका वेळी एकोणीस माणसांना गावात सोडले. पाणी चढल्यापासून त्या गल्ल्यांत इतकी माणसे पुन्हा कधी जमली नव्हती.