डबीतली गोळी

लातूरचे डाळीचे व्यापारी सिद्रामप्पा मोटारीने नांदेडला आले, तेव्हा त्यांची बायको शिवकांता जाऊन सात महिने झाले होते. कोटाच्या खिशात गोळ्यांची डबी होती, अर्धी उरलेली.

तिसऱ्या बाळंतपणात ती जेमतेम वाचली होती. आता दिवस राहिले तर खैर नाही, असं नांदेडच्या डॉक्टर बापूसाहेबांनी बजावलं आणि या गोळ्या दिल्या. निजामी अमलातल्या लातूर-नांदेडात असलं काही मिळत नव्हतं. डॉक्टरांनी त्या मुंबईहून मागवल्या होत्या. नवऱ्याजवळ जाण्याआधी बाईने एक आत ठेवायची. ती फेसाळते आणि पुरुषाचं बीज मारते.

तरी दिवस राहिले. सिद्रामप्पा तिला म्हणाले होते, "तुला पोरगा पाहिजे होता. तू ठिवलीच न्हाईस."

"दर खेपेला ठिवली," ती म्हणाली.

त्यांनी ऐकलं नाही. पुढचे महिने घरात कामापुरतंच बोलणं होतं. मग चौथ्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं.

गोळ्यांतच काही दोष होता का, हे विचारायला सिद्रामप्पा आले होते. गोळी पारखता येते, पण त्याला ताजं बीज लागतं, असं सांगून बापूसाहेबांनी काचेचा पेला दिला आणि मागची खोली दाखवली. सिद्रामप्पा तिथल्या खाटेवर बराच वेळ बसून राहिले. तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायची शरम वाटत होती, आणि दुसऱ्या कुणाचा येत नव्हता.

डॉक्टरांनी आधी नव्या डबीतली गोळी पाण्यात टाकली. ती फसफसली. त्या पाण्याचा थेंब बिजात मिसळून काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सिद्रामप्पांनी डोळा लावला. मिनिटभरात सगळी वळवळ थांबली.

मग त्यांच्या डबीतली. ती खडूसारखी तळाशी बसली. दुसऱ्या काचेवरची वळवळ दहा मिनिटांनीही चालूच होती.

ठेवली कुठे होती, असं डॉक्टरांनी विचारलं. न्हाणीतल्या कोनाड्यात, हंड्यामागे. आईच्या नजरेस पडू नये म्हणून ती जागा सिद्रामप्पांनीच शोधली होती. मग ओल लागून निकामी झाल्या, डॉक्टर म्हणाले.

"म्हंजे ती खरं बोलत होती?"

"ते यात दिसत नाही, सिद्रामप्पा. गोळी वाया गेलेली होती, एवढंच दिसतं."

सिद्रामप्पांनी पुन्हा काचेला डोळा लावला.

"ठिवली होती," ते म्हणाले. "दर खेपेला."

डॉक्टरांनी काचा धुवायला घेतल्या. लातूरची मोटार सुटायला दोन तास होते. सिद्रामप्पा बाहेरच्या बाकावर बसले. जिला हे सांगायचं ती नव्हती, आणि घरी आईला सांगण्यासारखं नव्हतं.