आईले दाखवा

फोन पुन्हा वाजला तेव्हा मी आणि शेजारचे गयासुद्दीनभाई बर्फाची लादी पोत्यात धरून उंबरा ओलांडत होतो. दुपारपासून गिऱ्हाइकांचेच फोन येत होते. मे महिना, आणि माझा धंदा कूलर दुरुस्तीचा. मघाशी एकाला सांगितलं, आज मोटर होणार नाही, आमच्या घरी मयत झाली. तो म्हणाला, बरं, मग उद्या सकाळी येता का?

लादी माझ्या बायकोच्या, मायाच्या पायाशी टेकवली आणि ओल्या हातानं फोन काढला. दामिनीचा होता. व्हिडिओ कॉल.

"कोणाचा हाय?" उत्तमरावांनी ओट्यावरून विचारलं. उत्तमराव म्हणजे मायाचे थोरले भाऊ, अकोल्याचे.

"दामिनीचा."

तिरडी बांधणाऱ्यांचे हात थांबले.

"उचलू नोका, गजेंद्रजी. दिवस बुडायच्या आत न्या लागते. आधी उरकू, मंग सांगू तिले."

फोन वाजून बंद झाला आणि लगेच परत वाजायला लागला.

दामिनी आमची एकुलती एक. कॅनडात नोकरी करते. बऱ्याच दिवसांनी सुट्टी मिळाली म्हणून जावयाबरोबर समुद्रकाठी फिरायला गेली होती. तिकडे या दिवसांत उत्तरेकडून बर्फाचे डोंगर वाहत येतात म्हणे. मायानं तिला बजावलं होतं, "मले दाखवजो वं." मग माया अकोल्याला भावाकडे गेली आणि गच्चीवर कुरडया वाळू घालताना ऊन लागून पडली. दवाखान्यात पहिल्या संध्याकाळी ती शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "पोरीले सांगू नोका. घाबरून परत येईन. फिरू द्या तिले." दुसऱ्या दिवशी शुद्ध गेली. आज सकाळी ती गेली आणि आम्ही तिला वलगावला घरी घेऊन आलो. दामिनीला मी काहीच कळवलं नव्हतं. तिकडे रात्र आहे, झोपली असेल, असं स्वतःला सांगत राहिलो. आता तिकडे सकाळ झाली होती.

मी भिंतीकडे तोंड करून फोन उचलला.

"बाबा! कवाची लावून राहिली! आईचा फोन कावून बंद हाय?"

"चार्जिंग नसंन."

"बरं, हे पाहा!"

ती बोटीवर होती. अंगात नारिंगी जॅकेट, कानांवर टोपी, वाऱ्यानं आवाज तुटत होता. तिनं फोन फिरवला आणि पडदा पांढरा झाला. मग त्यात निळ्या रेघा दिसल्या, खाली हिरवं पाणी दिसलं.

"आपल्या कापसाच्या जिनिंगएवढा हाय, बाबा! अन् पाण्याखाली याच्यापेक्षा मोठा! थांबा, ते पाखरू पाहा, चोच कशी लाल हाय. गोदाआत्याच्या नाकासारखी!"

माझी बहीण गोदाबाई मायाच्या उशाशीच बसली होती. तिनं पदर तोंडात धरला.

"काल रात्री खेकडा खाल्ला, बाबा. ताटाएवढा. समुद्रातून काढला अन् शिजवला. आईले सांगू नका. नाही, सांगा. म्हणा, नंतर आंघोळ केली पोरीनं."

मागे जावई, नितेश, हसला.

"द्या ना आईले फोन. बोट फिरली का दिसणार नाही."

"पडली हाय ते."

"पडली?"

"आडवी झाली. उन्हानं."

"मंग उठवू नका. नुसता डोयासमोर धरा. म्या तिले शब्द देल्ला होता, बाबा."

सांगावं असं मनात आलं. पण ती बोटीच्या काठाशी उभी होती, एका हातात फोन, दुसरा हात मोकळाच. खाली ते पाणी. मला सांगता येईना, आणि नाही म्हणताही येईना.

मी मायाजवळ गुडघ्यांवर बसलो. तिच्या नाकात कापूस घातला होता. कपाळ भरून कुंकू होतं. फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला आणि वरच्या बारक्या कॅमेऱ्यावर अंगठा दाबला. बर्फाचा उजेड तिच्या गालावर पडला.

"बाबा, अंधार दिसून राहिला."

"लाइट गेली इकडे."

"आई, दिसला का वं? तो पाहा, बाजूनं देवमासा निघाला! शेपटी पाहा, शेपटी!"

बोटीवरची माणसं ओरडली. इकडे गोदाबाईला राहवलं नाही. तिच्या तोंडून हुंदका निघाला.

"बाबा, कोण रडून राहिलं?"

मी कॅमेऱ्यावरचा अंगठा तसाच दाबून धरला.

"आई? बोल ना काही."

"दामू, बोट काठाले कवा लागते?"

"घंटाभरात. कावून?"

"जमिनीवर पाय ठेवला का फोन कर. आधी नितेशरावांचा हात धर, मंग कर."

डोंगर पडद्यावरून गेला. तिचा हात खाली आला होता. बोटीची ओली फळी आणि तिचे बूट दिसत होते.

"बरं," ती म्हणाली आणि कॉल बंद झाला.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडे पाहत होते.

"सांगितलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"नाही. घंटाभर थांबायचं."

"घंटाभरात दिवस बुडते. अन् थांबून का करता? ते तिकडून निघाली तरी दोन दिवस लागतात. या उन्हात ठेवता का तिले? माही बहीण हाय ते, गजेंद्रजी."

"थांबायचं म्हटलं ना!"

त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नव्हता. ते खाली बसले. गयासुद्दीनभाई हळूच म्हणाले, "रुकने दो, उत्तमरावजी. बरफ मी अजून आणतो. बेटीका हक हाय."

ऊन कडुलिंबाच्या बुंध्यावरून शेंड्याकडे चढलं. बर्फाचं पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, तशा बाया लुगडी आवरून मागे सरकल्या. मला वेगळीच भीती वाटत होती. बोटीवर तिला अर्धवट सांगून मी फोन ठेवू दिला होता. ती काठाशीच उभी असेल का? नितेशला कळलं असेल का? मी दोनदा फोन लावला. लागला नाही. तिरडीची शेवटची गाठ मारून झाली, तरी मारणारा तिथेच हात लावून बसून राहिला.

शेवटी फोन आला. धक्क्यावर उभी होती. नितेशनं तिला खांद्याला धरलं होतं.

"आई गेली का, बाबा?"

"हो."

"कवा?"

"सकाळी."

"मंग मघा तुमी कोणाले दाखवलं?"

"तिलेच."

मागे दोऱ्या बांधणारी माणसं दिसत होती.

"मले चेहरा दाखवा."

आत जाऊन मी दोन्ही हातांनी फोन धरला, कडेनं. गोदाबाईनं माझं कोपर धरलं. दामिनी रडली नाही. नुसती पाहत राहिली.

"तू म्हणशीन तसं करू," मी म्हणालो. "तू येईपर्यंत ठेवतो. लोकाइचं मी पाहतो."

उत्तमराव दारात उभे होते.

"किती ऊन हाय तिकडे?" तिनं विचारलं.

"लय हाय."

तिनं टोपी काढून हातात घेतली. "मंग नका ठेवू तिले. न्या. पण फोन बंद करू नका."

आम्हाला मुलगा नाही. मडकं मीच धरलं आणि पुढे झालो. फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला, कॅमेरा बाहेर. नदीकडच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस जेमतेम टेकला होता. दारादारांत माणसं उभी होती. मागून देवाचं नाव घेणाऱ्यांचा आवाज येत होता आणि माझ्या छातीपाशी, फोनमध्ये, तिकडचा वारा वाहत होता, मधूनच एखादं पाखरू ओरडायचं. बाजूनं चालणारे माझ्या खिशाकडे पाहत.

निम्म्या वाटेवर तिरडी खाली ठेवली.

"बाबा," खिशातून आवाज आला, "थांबले कावून?"

"विसावा हाय."

"बरं."

उत्तमराव पुढचा दांडा सोडून माझ्याजवळ आले. खिशाकडे वाकून म्हणाले, "बाई, मामा बोलतो. आता खांदे बदलतात. मंग निघू."

"हो, मामा. मी हाय."

खांदे बदलले. उत्तमरावांनी मागचा दांडा धरला.