खडे मिठाचा बर्फ

कस्तुराने मालोजीच्या ड्युटीच्या शर्टाचे दोन्ही खिसे उलटे केले, शिवणीतली धूळ चिमटीत धरली आणि नाकाशी नेली. तंबाखूसुद्धा नव्हती. मग तिने पँट घेतली. मालोजी डावा पाय उशीवर ठेवून पलंगावर बसला होता आणि आपल्याच कपड्यांचा हा पंचनामा निमूट पाहत होता. आता त्याला राग येत नसे. आठ महिने झाले, रोज संध्याकाळी हेच चालू होतं.

"घावलं का काय?" त्याने विचारलं.

"घावायला तुमी काय खुळं हायसा व्हय? कागद तितंच टाकून येत असनार."

रक्तातली साखर साडेतीनशेच्या खाली यायला तयार नव्हती. सुई वेळेवर, भाकऱ्या मोजून दोन, भात बंद, तरीही नाही. म्हणजे माणूस चोरून खातो, हे डॉक्टरांनी सांगितलं, जावयाने सांगितलं, शेजाऱ्यांनी तर न विचारताच सांगितलं. त्यातून मालोजीची कीर्ती आडवी येत होती. बावीस वर्षं त्याने दापोडीत मटका कुल्फीची गाडी लावली होती, आणि विकली त्याच्या बरोबरीने खाल्लीही होती. असल्या माणसाने 'मी गोडाला शिवलो नाही' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला हसू येणारच.

तो खरंच शिवला नव्हता. चहासुद्धा बिनसाखरेचा घेत होता. पण इतकी माणसं एका सुरात बोलायला लागली की आपल्याच तोंडाचा भरवसा वाटेनासा होतो. मध्यंतरी त्याने दुपारची एक भाकरी कमी करून पाहिली. साखर जागची हलली नाही, तो मात्र वाळत गेला.

गुडघे बोलायला लागल्यावर त्याने कुल्फीची गाडी विकली आणि महाळुंग्यात एका गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. बारा तासांची ड्युटी, पत्र्याची केबिन. उन्हाळ्यात आत बसलं की ओठाला ओठ चिकटायचा. दुपारच्या जेवणाआधीची इन्शुलिनची सुई तिथेच घ्यावी लागे. औषध थंड ठेवा, उन्हाने खराब होतं, असं दवाखान्यात बजावलं होतं, आणि केबिनमध्ये पंखा होता तोही आचके देत फिरायचा. मालोजीने ही अडचण घरी सांगितली तेव्हा कस्तुराला हसू आलं होतं.

"गार ठिवायचं आता लोकांनी आमाला शिकवायचं का?"

तिचं खरंच होतं. बावीस वर्षं कुल्फीचा हंडा तिनेच भरला होता. आता रोज पहाटे उठून ती फ्रीजमधला बर्फ खलबत्त्यात फोडायची आणि रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये त्याचा थर लावायची. थरावर मूठभर खडे मीठ, मधोमध प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली औषधाची बाटली, वर पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मिठावाचून बर्फाला तिच्या लेखी गारवाच नव्हता. झाकण घट्ट लावून ती थर्मास जुन्या टॉवेलात गुंडाळायची आणि डब्याच्या पिशवीत उभा ठेवायची. भाजीला एखाद्या दिवशी मीठ कमी पडलं असेल, थर्मासला कधी पडलं नाही.

दुपारी मालोजी बाटली बाहेर काढी तेव्हा ती बहुतेक दिवशी आतून घट्ट झालेली असे. कुल्फीचा साचा सोडवावा तशी तो ती दोन्ही तळव्यांमध्ये फिरवायचा, औषध पातळ झालं की सुईत भरायचा. बाहेर रस्त्यावर कंटेनरच्या रांगा, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि हातात एवढं गार काहीतरी. बायकोच्या हाताला तोड नाही, असं त्याला रोज वाटे. त्या भट्टीत तेवढंच एक सुख होतं.

फेब्रुवारीत ड्युटीच्या बुटाने करंगळीजवळचं साल गेलं. एप्रिलमध्ये बोट काळं पडलं. मे महिन्यात, त्या पंचनाम्याच्या दुसऱ्याच दिवशी, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पायाची पट्टी सोडली. पाय उद्या गुडघ्याखालून काढावा लागेल, एवढं सांगून ते पुढच्या कॉटकडे गेले. कस्तुरा भरतीचे कागद करायला खाली गेली. मालोजी छताकडे बघत पडून राहिला.

थोड्या वेळाने विजयश्री सिस्टर वही घेऊन आली. साखरेच्या पेशंटना समजावून सांगायचं काम तिच्याकडे होतं. चोरून काय खाता, हे तिने विचारलं नाही, याचंच मालोजीला नवल वाटलं.

"काका, ड्युटीवर औषध कशात ठेवता?"

कुणीतरी पहिल्यांदाच त्याच्या घरातलं चांगलं काहीतरी विचारत होतं. त्याने सगळं सांगितलं, खलबत्त्यापासून टॉवेलापर्यंत. सांगताना त्याचा आवाजही जरा चढला. मिठाशी आल्यावर सिस्टरचं लिहिणं थांबलं.

"मीठ कशाला?"

"त्याबिगार काय गार ऱ्हातंय? मिठानं तर दूध अर्ध्या तासात दगडावानी—"

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्याने वाक्य सोडून दिलं.

"इन्शुलिन गोठलं की मेलं, काका," विजयश्री हळू आवाजात म्हणाली. "परत पातळ झालं तरी कामाचं नसतं. दिसायला तसंच दिसतं. नवी बाटली उघडली, थर्मासमध्ये गेली, की पहिल्याच दिवशी वाया."

"म्हंजे मी खात नव्हतो?"

"नव्हता, काका."

क्षणभर त्याला मोकळं वाटलं. आठ महिन्यांनी आपलं तोंड आपल्याला परत मिळालं. मग त्याला पहाटेचा खलबत्त्याचा आवाज आठवला, आणि ते मोकळेपण कुठल्या कुठे गेलं.

"तिला सांगू नका, ताई."

"सांगायलाच हवं. नाहीतर त्या परत तसंच भरून देतील."

"कुटं भरून देनार? पायच न्हाई तर ड्युटी कुटली? औषध आता घरच्या फ्रीजमधनं हालायचं न्हाई."

सिस्टरने वहीचं पान फाडलं, 'फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि ते त्याच्या उशाशी ठेवून ती निघून गेली.

कस्तुरा कागद घेऊन वर आली. तिने पायाकडे बघायचं टाळलं. स्टूल ओढून ती त्याच्या डोक्याशी बसली.

"हितं सही करा म्हंत्यात," ती म्हणाली. कागद मात्र तिने हातातच ठेवला. "आता तरी खरं सांगा. मी काय सुदिक बोलनार न्हाई."

कबूल करायचं ठरवलं तरी काय कबूल करायचं, हे मालोजीला शोधावं लागत होतं.

"खात हुतो."

"काय?"

"जिलबी. चौकात मिळती, गोदामाच्या पल्याड."

"रोज?"

"रोजच."

कस्तुराचे खांदे खाली आले. ती रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने नुसता लांब श्वास सोडला.

"तरी म्हनलं मी. जिवापाड जपत हुते मी त्या औषधाला. एक दिस सुदिक गरम हू दिलं न्हाई. मग गुन का येईना?"

"तुझ्याकडनं काय कमी पडलं न्हाई."

"ते ठाव हाय मला."

तिने पदराने डोळे पुसले, कागद त्याच्या छातीवर ठेवला, पेन त्याच्या बोटांत दिलं. सही वाकडीतिकडी झाली. तिने घडी घालून कागद पिशवीत ठेवला आणि तशीच बसून राहिली. शेजारच्या कॉटवरचं माणूस कण्हत होतं. त्याच्याकडे न बघता तिने विचारलं,

"आन मला एकदाबी आनाविशी वाटली न्हाई?"

एवढा पुढचा विचार मालोजीने केला नव्हता.

"न्हाई वाटली," तो म्हणाला.