सतीचे ओठ

बकुळाबाई एकेकाळी मूकपटांत नायिका होत्या, हे नायगावच्या चाळीत कुणाला खरंच वाटत नसे. आधी नाटक कंपनी, मग सात मूकपट; पुढे बोलपट आले आणि त्यांचा मालवणी हेल आडवा आला. नळावरच्या बायका "असतील हो!" म्हणून एकमेकींना डोळे मिचकावत. बाईंना ते फार लागे. त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गर्दी जमावी म्हणून समितीच्या चिंतामणीने त्यांचं जुनं सतीचं रीळ लावायचं ठरवलं, तेव्हा ठेवणीतलं लुगडं नेसून त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. आज चाळीची तोंडं बंद होणार होती.

भाषणं आटोपली. पडद्यावर तरुण बकुळा पतीच्या पायाशी हात जोडून बोलू लागली आणि पुरुषांत खसखस पिकली.

घोळ असा, की चाळीतले निम्मे पुरुष गिरणीत साच्यांवर कापड विणणारे. त्या खडखडाटात ऐकू काय येणार, कपाळ! ओठ वाचूनच बोलायची त्यांना सवय. आणि बाई तर, आवाज कुठे उमटतोय म्हणून, कॅमेऱ्यासमोर मनाला येईल ते बोलत असत.

"काय म्हणते हो ती?" कौसल्येने आपल्या साचेवाल्या नवऱ्याला विचारलं.

"मेल्या, पायावरचो पाय काढ! लसूण खावन इलस काय?" दत्तारामने मोठ्याने सांगितलं.

मांडव हसून लोटपोट झाला. मग नैवेद्य दाखवताना सतीने दिग्दर्शकाच्या टकलाचा उद्धार केला, तोही दत्तारामने ओरडून सांगितला. बाईंनी शरमेने पदर तोंडावर ओढला.

शेवटी सती पतीच्या प्रेतावर पडून रडू लागली. साचेवाले हसता हसता एकदम गप्प झाले.

"आता काय म्हणते?"

दत्तारामने घसा खाकरला. "देवाकडे नवऱ्याचे प्राण मागतेय."

ते खोटं होतं. बाईंना आपले शब्द पाठ होते: "माका सोडा. घरात पोरगो तापान फणफणता. माका जाऊंक दिया." पण ती आसवं बघून दिग्दर्शक खूश झाला होता आणि त्याने कॅमेरा थांबवला नव्हता.

दिवे लागले. "झालाच पाहिजे!"च्या घोषणांत शेजारच्याचंही ऐकू येईना. दत्ताराम वाट काढत बाईंसमोर आला आणि साच्यावर बोलतात तसं नुसत्या ओठांनी त्याने विचारलं, "पोरगो वाचलो?"

बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंना भडभडून आलं. त्यांनी तोंडावरचा पदर काढला आणि ओठांनीच सांगितलं, "नाय."