दोन पावलांमधली पट्टी

मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. लांबीला वीतभर, सरकवली तर आणखी चार बोटं. माझ्या दोन्ही टोकांना दोन छोटे बूट लावतात, तेही बोटं बाहेरच्या बाजूला वळलेले. मित्रांनो, बूट चालण्यासाठी असतात असं तुम्हाला वाटत असेल. माझे बूट घालून कोणी चालत नाही. ते घालून फक्त पडून राहायचं असतं, आणि ते किती अवघड असतं हे मला विचारा.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. तिथे चामडं, खिळे आणि सरसाचा वास असतो. तिथल्या बूट बनवणाऱ्या कारागिराने मला कापलं, कानशीने माझ्या कडा घासल्या आणि बोट फिरवून पाहिलं. "बाळाला ओरखडा उठता कामा नये," एवढंच तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं तेवढंच कौतुक. मग त्याने मला बूट लावले. दोन्हींच्या टाचेजवळ त्याने बारीक भोक ठेवलं होतं. त्यातून टाच दिसली की पाऊल नीट बसलं म्हणायचं.

मी ज्या घरी गेले तिथल्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. जन्मली तेव्हाच तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा जणू दुसऱ्या पायाकडे बघत होता. काही मुलं अशी जन्मतात. त्यात कोणाची चूक नसते. तरी शेजारच्या बायका तिच्या आईला विचारून विचारून भंडावत, "बाळ पोटात असताना काही जड उचललं होतंस का?" आई एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीवर उभी असायची. जड तर ती रोजच उचलायची.

डॉक्टरबाईंनी दर आठवड्याला प्लास्टर बदलत बदलत ते पाऊल सरळ केलं. शेवटी टाचेमागची घट्ट शीर थोडी सैल केली. "अर्धं काम झालं," त्या म्हणाल्या. "पाऊल पुन्हा आत वळू बघेल. त्याला वळू न देणं हे उरलेलं अर्धं." ते उरलेलं अर्धं म्हणजे मी. पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास. त्यानंतर मूल चार वर्षांचं होईपर्यंत झोपेच्या वेळी.

मुंगीचे वडील मालट्रक चालवत, चार-चार दिवस घरी नसत. आई सकाळी सातला जायची ती सहाला परतायची. दिवसभर मुंगीला सांभाळायची ती आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिला स्वतःचं मूल नव्हतं. मुंगी जरा कुरकुरली तरी तिच्या पोटात तुटायचं.

आणि मुंगी माझ्यामुळे रडायची. पाय झाडायची, मला कॉटच्या दांडीवर आपटायची. एक दिवस आत्या म्हणाली, "पाच मिनिटं मोकळी राहू दे गं माझी बाय," आणि तिने बकला सोडल्या. मुंगी लगेच हसली. त्या पाच मिनिटांची दुपार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच मी कपाटावर होते.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. दिवसभर लाथा खाऊन मी दमले होते. कपाटावर शांत होतं, धूळ होती, कोणी माझ्यावर रागवत नव्हतं. संध्याकाळी जिन्यावर आईची पावलं वाजली की आत्या घाईघाईने मला सैलसर बांधायची. आई दारातून पाहायची, पट्टी जागेवर आहे ना, आणि सुस्कारा टाकून चप्पल काढायची.

असे तीन महिने गेले.

मग तपासणीचा दिवस आला. डॉक्टरबाईंनी मुंगीचं पाऊल हातात धरून हळूच बाहेर वळवलं. ते वळेना.

"पट्टी किती वेळ असते?"

"कामाला जाताना मी बांधून जाते," आई म्हणाली, "आणि आल्यावर बांधलेलीच असते."

डॉक्टरबाईंनी उजवा बूट उघडून आत बोट घातलं. "तीन महिन्यांत टाचेचा खळगा पडायला हवा होता. हे चामडं जवळजवळ कोरं आहे." त्यांनी आवाज चढवला नव्हता. "पाऊल परत फिरलंय. पुन्हा प्लास्टर करावं लागेल."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "मीच सैल बांधत असेन. संध्याकाळी हात दुखतात माझे, जोर लागत नाही."

आत्या दारापाशी पिशवी धरून उभी होती. ती गप्प राहिली असती तर कोणालाच कळलं नसतं. मी तर बोलू शकत नव्हते.

"तिचं नाही चुकलं," आत्या म्हणाली. "मी काढते. ती जिना उतरली की काढते, जिना चढायला लागली की बांधते. रोज."

मुंगी आत्याकडे हात पसरून झेपावत होती.

घरी आल्यावर आईने पाण्याचा नळ सोडला आणि तशीच त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"वन्सं, मला एकदा सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू हिला माझ्याकडे ठेवली नसतीस."

"नसतीच ठेवली." आईने नळ बंद केला. "आणि आता तरी कोणाकडे ठेवू? तुमच्याशिवाय आहे कोण मला?"

मग दोघीही रडल्या. एकमेकींना मिठी वगैरे काही मारली नाही. एक भिंतीला टेकून रडली, एक ओट्याला.

तीन प्लास्टरं झाली. तिन्ही वेळा आत्याच मुंगीला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्याबरोबर घामाघूम झाली. त्यानंतर मी पुन्हा आले. या वेळी डॉक्टरबाईंनी दोघींना समोर बसवून बकल कशी आवळायची ते शिकवलं. आत्याला म्हणाल्या, "एक पाय झाडता येत नाही म्हणून ती चिडते. दोन्ही पाय एकदम उचलायला शिकवा तिला." आत्याने मला दोन्ही हातांनी धरलं आणि वर-खाली करत राहिली, जोडीला तोंडाने गाणं. चौथ्या दिवशी मुंगी स्वतःच दोन्ही पाय उचलून धाडकन आपटू लागली. तिला तो खेळच सापडला. खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. "सुतार ठेवलाय का घरात?"

"हो," आत्या म्हणाली, "पाय घडवतोय."

तरी सगळं सोपं झालं असं नाही. कितीतरी दुपारी आत्या बकलेवर हात ठेवून नुसती बसून राहायची. मग संध्याकाळी आईला म्हणायची, "आज काढावीशी वाटली गं." आई म्हणायची, "मलाही वाटते," आणि मुंगीला तिच्याकडून घ्यायची. बूट लहान झाले, नवे लागले, तेही लहान झाले. मी तीच राहिले, थोडी थोडी लांब होत, गंजत, आणि खरं सांगायचं तर कंटाळत. चार वर्षं म्हणजे फार दिवस होतात हो.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुरे आता." मुंगी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात धावत सुटली. तिच्या मागे पळून आत्याला धाप लागली.

दोनेक वर्षांनी मुंगी एकदा आत्याबरोबर दवाखान्यात आली, आत्याचा गुडघा दाखवायला. काम संपल्यावर मी परत कारागिराच्या खोलीत येऊन टांगलेली होते. मुंगी तिथे डोकावली आणि तिने मला हलवून पाहिलं. "आत्या, हे कशाचं आहे?"

"तुझंच होतं."

"माझं? मला तर नाही आठवत."

"नको आठवू," आत्या म्हणाली आणि तिच्या केसांवरून हात फिरवला.

मला वाईट वाटलं नाही. मुलाने मला विसरावं याचसाठी तर मी असते.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत एखादं बाळ असं पट्टी लावलेलं दिसलं तर टक लावून बघू नका, आणि आईने काय केलं होतं ते तर मुळीच विचारू नका. जमलं तर तासभर त्याला मांडीवर घ्या, म्हणजे सांभाळणाऱ्याला पाठ टेकता येईल. आणि सांभाळणारे तुम्हीच असाल तर तुम्ही दमणार. लोखंडाची असून मी दमले. दमलात की कोणाला तरी सांगा, त्याच दिवशी सांगा. कपाटावर ठेवलेल्या पट्टीपेक्षा न सांगितलेलं दमणं त्या पावलाला जास्त वाकवतं.